बाइंडरकाकांची बेचाळीस पुस्तकं

सार्वजनिक वाचनालयाच्या तळघरात, जिन्याखालच्या खोलीत बसून एका माणसाने एकतीस वर्षं फाटकी पुस्तकं दुरुस्त केली. त्यांना खरं नाव होतं आणि पगाराच्या कागदावर ते दर महिन्याला छापूनही यायचं. पण वरच्या ग्रंथपालांपासून झाडूवाल्या मावशींपर्यंत सगळे त्यांना बाइंडरकाकाच म्हणायचे. पंचविशीत नोकरीला लागले तेव्हाही काकाच. चेहराच तसा होता. कपाळाला कायमची आठी, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणि दोन्ही अंगठ्यांवर वाळलेल्या खळीचा पापुद्रा.

खोलीत एक लांब टेबल होतं. त्यावर पुस्तकं दाबून ठेवायचं लोखंडी यंत्र, मोठी सुरी, दाभण, मेण लावलेल्या दोऱ्याचं रीळ आणि खळीचं पातेलं. रोज सकाळी वरून एक टोपली खाली यायची. मोठ्या माणसांच्या विभागातली पुस्तकं आठवड्याला पाच-सहा, तीही वयोमानाने खिळखिळी झालेली. बाकी सगळी भरती बालविभागाची. ती पुस्तकं हातात घेतली की काकांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. हत्तीला मिशा काढलेल्या, राजाचं डोकं कात्रीने उडवलेलं, कोपरे चावून चोथा केलेले, पानापानांत बिस्किटाचा चुरा. एकदा तर टोमॅटोची चकती निघाली, वाळून कागदासारखी झालेली. ही मुलं नाहीत, उंदीर आहेत, असं काका म्हणायचे आणि पान सोडवायला बसायचे.

बालविभागाच्या बाई मोठ्या हसऱ्या. टोपली घेऊन त्या स्वतः खाली यायच्या. एकदा त्या म्हणाल्या की काका, जी पुस्तकं तुमच्याकडे कधीच येत नाहीत ना, मला काळजी त्यांची वाटते. काकांना वाटलं, बाई चेष्टा करताहेत. त्यांनी हसल्यासारखं केलं आणि खळीत ब्रश बुडवला. माणूस आपल्या कामात इतका मुरला की असं होतं. दिवसभर ज्याच्यासमोर फाटकीच पुस्तकं येतात, त्याला न फाटलेलं पुस्तक म्हणजे सुख वाटायला लागतं.

मग काकांना मुलगी झाली. लग्नाला नऊ वर्षं होऊन गेली होती, डॉक्टरांनी हात टेकले होते, आणि अशात ती आली. काका हुरळून गेले. दुसऱ्या कुणी बापाने पाळणा आणला असता, बाहुली आणली असती. काकांनी पुस्तकं करायला घेतली.

वाचनालय दरवर्षी पार कामातून गेलेली पुस्तकं बाद करायचं. ती रद्दीत जाण्याआधी कर्मचाऱ्यांना नेता यायची. काका त्यातली लहान मुलांची पुस्तकं निवडायचे, घरी आणायचे आणि सुट्टीच्या दिवशी खिडकीपाशी बसून ती पूर्ण उसवायचे. फाटलेल्या पानाला पातळ कागदाचं असं ठिगळ लावायचे की उजेडात धरल्याशिवाय दिसू नये. मग नवी शिलाई, नवा पुठ्ठा, त्यावर कापड. निळं, हिरवं, विटकरी, कुठे बारीक फुलांचं. पाठीवर सोनेरी अक्षरांत लेकीचं नाव. ती चार वर्षांची झाली तोवर अशी बेचाळीस पुस्तकं तयार झाली होती. त्यांच्यासाठी काचेचं कपाट आलं. पाहुणे आले की काका चहाच्या आधी ते कपाट दाखवायचे. पाहुणे तोंडात बोट घालायचे, आणि ते रास्तच होतं. एवढं प्रेम एवढ्या निगुतीने केलेलं कुणी सहसा बघत नाही.

चूक झाली ती कपाटाचं दार उघडल्यावर.

वाचायला बसायचं तर आधी साबणाने हात धुवायचे. नुसते धुवून चालायचं नाही, कोरडे करून बाबांना दाखवायचे. पुस्तक टेबलावरच, खाली घडी केलेला टॉवेल. लोळायचं नाही, खायचं नाही. पुस्तक पूर्ण पसरून उघडायचं नाही, पाठ मोडते. पान वरच्या कोपऱ्यातून उलटायचं, आणि ते जमेपर्यंत बाबा उलटणार. काका शेजारी खुर्ची ओढून बसायचे. रोज संध्याकाळी अर्धा तास, एकही दिवस खाडा नाही. त्यांच्या ओळखीतल्या एकाही बापाने मुलीला एवढा वेळ दिला नसेल. पण त्या अर्ध्या तासात त्यांची नजर कुठे असायची? लेकीच्या अंगठ्यावर.

लेक विचारायची, अस्वल असं का बसलंय? काका म्हणायचे, आधी अंगठा उचल, डाग पडतो. लेक म्हणायची, बाबा, पुढे काय होतं? काका म्हणायचे, पान उलटल्यावर कळेल, आणि घाई करू नकोस. ती अक्षरं लावायला लागली तेव्हा शब्दाखाली बोट ठेवून वाचायची. सगळीच मुलं वाचतात तशी. बोट हललं की डोळे त्याच्या मागून जातात. काकांनी ते बोट उचलायला लावलं. रोज बोट फिरून पानावर काळी रेघ उमटते, हे त्यांनी शेकडो पुस्तकांत पाहिलं होतं. बोट गेलं आणि पोरीची ओळ चुकायला लागली. एकच ओळ दोनदा वाचायची, नाहीतर एक गाळायची. शाळेतून निरोप आला की मुलगी वाचनात मागे पडते. काकांनी सांगितलं, तिचं लक्ष नसतं.

काकू घरी शिलाईकाम करायच्या. मशीनवर बसल्या बसल्या त्या हे सगळं बघायच्या. एकदा त्यांना राहवलं नाही.

"अहो, ती गोष्ट ऐकायला येऊन बसते आणि तुम्ही तिची नखं तपासता."

पुस्तकाची किंमत लहानपणीच कळायला हवी, असं काकांचं उत्तर होतं. काकूंनी मशीन चालू केलं. या घरात कोण कुणाचं ऐकतं, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.

सातव्या वर्षी लेक म्हणायला लागली, आज गृहपाठ आहे. मग म्हणायला लागली, डोळे दुखतात. डोळे तपासून आणले, डोळ्यांना काही झालेलं नव्हतं. दहाव्या वर्षापर्यंत कपाटाची किल्ली कुलपालाच लटकत राहायला लागली, कारण ती काढून ठेवायची गरजच उरली नव्हती. आणि काका काय म्हणायचे? बघा, एवढी पुस्तकं, पण पोरीने एक डाग पाडला नाही. अभिमानाने सांगायचे, तेही ती समोर असताना.

लेक मुळीच मठ्ठ नव्हती. आकडे तिचे पक्के होते. शिकली, रक्त-लघवी तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरीला लागली, लग्न केलं, दोन गल्ल्या सोडून राहायला आली. तिच्या घरात सगळं होतं. पुस्तक मात्र एकही नव्हतं. काका तिच्याकडे गेले की त्यांना ते खुपायचं. जावयाला बोलता बोलता ते एकदा म्हणाले की आमच्या घरात एवढी पुस्तकं, पण हिला गोडीच नाही, काय करणार. लेक स्वयंपाकघरात होती. तिने ऐकलं असावं.

काका निवृत्त झाले त्याच वर्षी नात शाळेत जायला लागली. बिस्किट दोन्ही हातांत धरून पुढच्या दातांनी भराभर कुरतडायची, म्हणून तिचं नाव खारूताई पडलं होतं. शाळेतल्या बाईंनी सगळ्या पालकांना सांगितलं, घरी रोज दहा मिनिटं तरी मुलांना मांडीवर घेऊन वाचून दाखवा. जावई फिरतीवर असायचा. लेक एका दुपारी काकांकडे आली आणि म्हणाली, शाळा सुटल्यावर खारूताईला तुमच्याकडे सोडत जाईन, तिला वाचून दाखवाल का? काकांना आभाळ ठेंगणं झालं. त्यांची नजर आपसूक कपाटाकडे गेली. लेकीने ती बघितली.

"वाचनालयातून आणा, बाबा," ती म्हणाली. "कपाटातलं नको."

काकांना लागलं ते. पण त्यांनी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी ते वाचनालयात गेले, आणि एकतीस वर्षांत पहिल्यांदा बालविभागातून स्वतःच्या नावावर पुस्तक घेऊन बाहेर पडले.

पहिले आठ दिवस असे गेले की काकांना स्वतःचाच पत्ता लागेना. खारूताई सतरंजीवर पोटावर पडायची, पाय हवेत, पुस्तक समोर. काका शेजारी खाली बसायचे. गुडघे कुरकुर करायचे. पोरीने पुस्तक धाडकन उघडलं की त्यांचा हात पुढे व्हायचा, पण ते मनाला समजवायचे की पुस्तक वाचनालयाचं आहे, तळघरात आता दुसरा बाइंडर बसलाय, बघून घेईल तो. मग हळूहळू हातही पुढे होईनासा झाला. ती एकच पुस्तक पाच वेळा वाचायला लावायची. एक ओळ गाळली तर पकडायची. चित्रातल्या बदकाला काकूंचं नाव देऊन टाकलं होतं आणि काकू मशीनवरून विचारायच्या, आज माझं काय झालं गं? कधी पुस्तक उलटं धरून ती स्वतःच वाचून दाखवायची, म्हणजे मनाला येईल ते. आणि काका, ज्यांनी जन्मात पुस्तकाबाहेरचा शब्द खपवून घेतला नव्हता, ते मान डोलावत ऐकायचे. संध्याकाळी लेक न्यायला यायची तेव्हा खारूताई चपला घालता घालता गोष्ट सांगत सुटलेली असायची. लेक दारात उभी राहून ऐकायची. एकदा ती काकांकडे बघून हसली. कितीतरी वर्षांनी तशी हसली.

इथेच थांबायला हवं होतं. पण माणसाला एकदा जमलं की वाटतं, आता आपलंही थोडं चालवावं.

नवव्या दिवशी वाचनालय पुस्तकांच्या मोजणीसाठी बंद होतं. आदल्या दिवशीचं पुस्तक परत केलेलं. खारूताई येऊन सतरंजीवर पडली आणि म्हणाली, आजोबा, पुस्तक? काकांनी कपाट उघडलं. लेकीने काय सांगितलं होतं ते त्यांना आठवत होतं. पण आठ दिवसांच्या आनंदात त्यांना वाटलं, ती तेव्हाचं मनात धरून बोलली, आता सगळं बदललंय. आणि खरं सांगायचं तर ती पुस्तकं कुणीतरी हातात घ्यावीत म्हणून त्यांचा जीव कधीपासून तुटत होता. त्यांनी निळ्या कापडाचं, अस्वलाचं पुस्तक काढलं. बेचाळिसांतलं सर्वांत देखणं.

खारूताईने ते ओढून घेतलं, सतरंजीवर टाकलं आणि तळहाताने मधोमध दाबून सपाट केलं. पाठीतून कट्कन आवाज आला. पुढचं पान उलटताना ते खालच्या बाजूने टरकन फाटलं, जवळजवळ अर्ध्यापर्यंत.

काकांना कळायच्या आत त्यांचा हात गेला होता. त्यांनी तिचं मनगट धरून बाजूला केलं आणि पुस्तक हिसकावलं.

"हात लावू नकोस!"

काकूंचं मशीन थांबलं. काका पान उजेडात धरून बघत होते. फाटलेली कड सरळ आहे की धागे निघालेत, मजकुरातून गेलीय की चित्रातून, शिलाई सैल झालीय का, हे सगळं त्यांनी नखाने चाचपून बघितलं. एकतीस वर्षांची सवय. त्यात मिनिटभर गेलं असेल. नंतर त्यांना त्या ओरडण्यापेक्षाही या एका मिनिटाची जास्त लाज वाटली, कारण पोर समोर होती आणि त्यांनी आधी पान बघितलं.

मान वर केली तेव्हा खारूताई भिंतीला टेकून बसली होती. रडत नव्हती. दोन्ही हात तिने मांड्यांखाली घालून दाबून धरले होते.

काका म्हणाले, अगं काही नाही, चुकून ओरडलो. तिने मान हलवली. काकूंनी बिस्किट आणून दिलं. तिने ते घेतलं नाही. म्हणजे नको म्हणाली नाही, फक्त हात काढले नाहीत. काकूंनी बशी शेजारी ठेवली आणि नवऱ्याकडे बघितलं.

साडेपाचला लेक आली. टेबलावर निळं पुस्तक होतं, भिंतीपाशी पोर होती. तिला कुणी काही सांगावं लागलं नाही. ती चपला न काढता आत आली, खारूताईसमोर उकिडवी बसली आणि तिचे हात एकेक करून बाहेर काढले. हातांवर सतरंजीचे वळ उठले होते. ती ते चोळत राहिली.

"मीपण अशीच बसायचे," ती काकांकडे न बघता म्हणाली.

काकांना आठवेना. ते म्हणाले, मी कधी बघितलं नाही गं.

"तुम्ही पानाकडे बघत असायचात."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर काका काहीतरी बोलले असते. तिने पोरीचं दप्तर उचललं, पाण्याची बाटली उचलली, दारापर्यंत गेली आणि तिथे थांबली.

"त्या बेचाळिसांतली एकही गोष्ट मला आठवत नाही, बाबा. पान उलटणारा तुमचा अंगठा तेवढा आठवतो. अजून पुस्तक हातात घेतलं की माझ्या तळहाताला घाम येतो. मला जमत नाही म्हणून तर हिला तुमच्याकडे आणलं. म्हटलं, आता म्हातारे झालात, आता जमेल तुम्हाला."

त्या दोघी गेल्यावर काका कपाटापुढे बसले. बाइंडरला एक गोष्ट हाताने कळते. पुस्तक पाठीवर उभं धरून सोडलं की ते जिथे सर्वांत जास्त उघडलं गेलं असेल तिथेच आपोआप उघडतं. कुणाचं आवडतं पान कुठलं हे मालक विसरतो, शिलाई विसरत नाही. काकांनी एकेक पुस्तक काढलं, पाठीवर उभं केलं आणि सोडलं. हिरवं डावीकडे पडलं, मिटलेलंच. विटकरी उजवीकडे पडलं, मिटलेलंच. फुलांचं, पिवळं, पट्ट्यापट्ट्यांचं. कधी पूर्ण पसरू दिलंच नव्हतं, म्हणून एकही कुठे उघडलं नाही. सगळी बांधली त्या दिवशी होती तशीच कोरी करकरीत. काकू दारात येऊन म्हणाल्या, काय शोधताय? टोपली घेऊन येणाऱ्या बाईंना कशाची काळजी वाटायची ते त्यांना आत्ता कळलं. पण ते बोलायला आता त्या बाईही वाचनालयात नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी लेक पोरीला आणेल की नाही, या विचाराने काका सकाळपासून खिडकीशी होते. लेकीला दुसरी सोय नव्हती. तिने आणलं. दारातूनच म्हणाली, आज पुस्तक नसलं तरी चालेल, खेळू दे तिला. आणि कामावर गेली.

काकांनी बेचाळीस पुस्तकं सतरंजीवर पसरून ठेवली होती. टॉवेल नाही, टेबल नाही. बिस्किटांचा डबाही मधोमध उघडा ठेवलेला. घे, कुठलंही घे, ते म्हणाले. लोळून वाच, चाव, काहीही कर. खारूताईने सगळ्यांवरून नजर फिरवली. मग सतरंजीच्या कडेला नीट बसली आणि हात मांड्यांखाली घातले.

"तुम्हीच पान उलटा, आजोबा."

काकांनी निळं पुस्तक घेतलं आणि वाचायला सुरुवात केली. अस्वलाची आई वाट चुकते आणि ते जंगलभर तिला शोधत फिरतं, अशी गोष्ट होती. गंमत बघा, काकांनी हे पुस्तक पानन्‌पान उसवून शिवलं होतं, पण पहिल्यापासून शेवटपर्यंत ते आज पहिल्यांदा वाचत होते. गोष्ट चांगली होती. कुणालाही पुढे काय झालं विचारावंसं वाटेल अशी होती. खारूताईने काही विचारलं नाही. प्रत्येक पानाच्या शेवटी ती गप्प बसून राहायची, काका पान उलटायचे, ती पुढचं ऐकायची. अस्वलाला तिने नाव दिलं नाही. गोष्ट संपल्यावर पुन्हा वाचा म्हणाली नाही. शहाण्या मुलीसारखी बसली होती, आणि तो शहाणपणा काकांना बघवेना.

त्यांना वाटलं, हिला सांगून कळणार नाही, दाखवावं लागेल. त्यांनी एक पान दोन बोटांत धरलं. ज्या बोटांनी आयुष्यभर हजारो पानं जोडली ती बोटं ऐकेनात. मग काकांनी डोळे मिटले आणि पान खालपासून वरपर्यंत फाडलं. आवाज फार मोठा झाला नाही, पण मशीनवर काकूंची मान वळली.

"बघ," काका म्हणाले. त्यांनी हसायचा प्रयत्न केला. "फाटलं. काही झालं का? काही नाही झालं. आजोबा चिकटवतील पुन्हा."

खारूताईने फाटलेल्या पानाकडे बघितलं, मग त्यांच्या हाताकडे, मग तोंडाकडे. हात तसेच खाली दाबून ती बसल्या जागेवरून थोडी मागे सरकली.

"मी नाही केलं, आजोबा," ती म्हणाली.